पहिल्या हाताचा मान

पराती बारा. प्रत्येक परातीमागे पुठ्ठ्यावर एक चित्र: नळ, झाड, रस्ता, शाळा, धूळ आणि आणखी सात. माणसं एक्केचाळीस: मिरचीचे देठ तोडणाऱ्या बाया एकोणीस, मिरची आणणारे शेतकरी अकरा, हमाल नि ड्रायव्हर सात, शेजारच्या वस्तीतले चार. प्रत्येकाच्या हातात कागदाची पुडी, पुडीत तुरीचे पाच दाणे. एकूण दाणे दोनशे पाच. मयुराने ते दोनदा मोजले होते.

नागपूरबाहेर, उमरेड रोडवरच्या त्या मसाला कारखान्याला यंदा पहिल्यांदाच शाश्वततेचा, म्हणजे माणसं नि पर्यावरण कसं सांभाळलं त्याचा, अहवाल काढायचा होता. कारखान्यामुळे ज्यांचं भलंबुरं होतं त्यांनाच विचारा आणि कोणते विषय महत्त्वाचे ते ठरवा, असा मुख्य कार्यालयाचा हुकूम. ज्याला जो विषय मोठा वाटेल त्याच्या परातीत त्याने दाणे टाकायचे; सर्वांत जास्त दाण्यांच्या पहिल्या चार विषयांवर पुढच्या वर्षी काम होणार. पाचव्यापासून खाली अहवालात नुसत्या दोन-दोन ओळी. मयुरा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. होऊन चार महिन्यांपूर्वी इथे लागली होती. पहिल्या दिवशी ती देठशेडमध्ये गेली आणि सातव्या मिनिटाला ठसकत बाहेर आली. बाया आत आठ तास बसत. तिथे धूळ ओढणारे पंखे बसायचे असतील, तर धूळ पहिल्या चारांत यायलाच हवी होती. शेडची मुकादमीण सिंधूताई आता एका दमात एक वाक्यसुद्धा पुरं करू शकत नव्हती.

पण मॅनेजर दुर्गेश साहेबांनी कार्यक्रमाला शोभा आणली होती. हार, नारळ, फोटोग्राफर. भिवापूरकडचे मनोहरराव सगळ्यांत जुने शेतकरी, म्हणून पहिला मान त्यांचा. त्यांना टिळा लावला, नारळ फुटला, आणि म्हाताऱ्याने पाचही दाणे झाडाच्या परातीत टाकले. टाळ्या पडल्या. मागची रांग एकेक करत पुढे सरकली, आणि झाडाच्या परातीतला ढीग वाढत गेला.

झाडं एकशे अठरा. रस्ता एकोणचाळीस. शाळा बावीस. पाणी सोळा. धूळ एक. बाकी सगळे मिळून नऊ.

"झालं!" दुर्गेश साहेबांनी कागद पुढे केला. "वृक्षारोपण पहिल्या नंबरावर. सही करा मॅडम, भात थंडा होऊन राहिला."

मयुराने पेन घेतलं, पण सही केली नाही. ती सिंधूताईजवळ जाऊन बसली. "ताई, तुम्ही कशात टाकले?"

"झाडात."

"पाचही? धुळीत एकही नाही?"

सिंधूताईने आधी श्वास गोळा केला. "नारळ फुटल्यावर... धुळीचं नाव घेते का वं कोणी? पहिला हात झाडात पडला... शुभ काम चालू हाय... मंग आपण काहून अपशकुन करायचा?"

मयुरा उठली. चूक कुठे झाली ते तिला आता लख्ख दिसलं, आणि ती तिचीच होती. वाचता न येणाऱ्यांना सोपं जावं म्हणून उघड्या पराती तिनेच मांडल्या होत्या.

"सर, हा निकाल धरता येणार नाही. एक्केचाळीस जणांचं मत आपण घेतलंच नाही. एकाचं घेतलं, बाकीच्यांनी त्याला साथ दिली. पुन्हा घेऊ. बंद डब्यांत."

दुर्गेश साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, एक सांगा. तुमच्या मनासारखं येईपर्यंत घेणार का? आज दोनदा, उद्या पाचदा? याले विज्ञान म्हणते का?"

प्रश्न खरा होता, आणि तो खरा असल्यामुळेच मयुराचे कान तापले. तिने एक कोरा कागद ओढला आणि मोठ्याने वाचत लिहिलं: दुसरी मोजणी अखेरची. निकाल काहीही आला तरी तिसरी होणार नाही. खाली सही केली. "धुळीला शून्य आलं तरी हेच जाईल. आता तुम्ही सही करा."

दुर्गेश साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"करा ना गा साहेब," मनोहरराव खुर्चीतून म्हणाले. "मले तर वाटलं उद्घाटन होय! उद्घाटनाले माणूस झाडच लावते. मत पायजे होतं तर मत मागा लागत होतं."

बाया पदराआड हसल्या. साहेबांनी सही केली.

पॅकिंगमधून बारा पत्र्याचे डबे आले. झाकणांना चिरा पाडल्या, चित्रं चिकटवली, आणि डबे पोत्यांच्या थप्पीमागे मांडले. एका वेळी एकच माणूस आत. साहेब बाहेर, फोटोग्राफर बाहेर; मयुराही बाहेर, साहेबांच्या शेजारी. मनोहरराव सगळ्यांत शेवटी.

"पहिल्यांदा रांगेत मागं उभा केला मले," म्हातारा कुरकुरला.

"उभे राहा चुपचाप, मामाजी," एक बाई म्हणाली. "तुमच्यापायीच दोनदा चालून राहिलो आम्ही."

थप्पीमागून फक्त आवाज येत होता. टण. टण. दाणा कोणत्या डब्यात पडला ते कळायला मार्ग नव्हता. सिंधूताई आत गेली. चार वेळा टण झालं, मग खोकल्याची उबळ आली, ती लांबत गेली. मयुरा अर्धवट उठली. आत जाणं म्हणजे मोजणी बाद. ती परत बसली आणि तिने बोटं खुर्चीच्या दांड्यात रुतवली. मग पाचवा दाणा पडला.

अडतीस मिनिटं लागली. मोजणी दुर्गेश साहेबांनीच करावी असं मयुराने सुचवलं. त्यांनी एकेक डबा टेबलावर रिता केला, दहा-दहाचे ढीग लावले. चूक निघू नये म्हणून मनोहरराव चष्मा सरसावून वर वाकले होते. झाडं एकोणतीस. रस्ता तेहतीस. पाणी एक्केचाळीस. शाळा बारा. मग किरकोळ सात डबे, मिळून बारा.

एक डबा राहिला होता. साहेबांनी झाकण काढलं, डबा उलटा केला आणि ढीग लावायला घेतले. त्यांनी दोनदा मोजलं, मग कागदावर आकडा लिहिला.

धूळ: अठ्ठ्याहत्तर. एकूण: दोनशे पाच.