दोन रेघा आणि टिंब

आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची. गिऱ्हाईकाला ती दिसत नाही. दिसते ती पुढं कधी झाकण उघडणाऱ्या कारागिराला. बाबांची खूण होती दोन रेघा आणि मधे टिंब. एक रेघ आई, एक बाबा, आणि टिंब मी. हाकही तीच मारायचे, "ए टिंब, चिमटा दे!"

आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. गेल्या ऑगस्टमध्ये नदीत बोट उलटली, त्यात बाबा होते, असं आत्यानं सांगितलं. देह सापडला नाही. तेव्हापासून दुकान मीच चालवते. वय सतरा. आत्या गल्ल्यावर बसते. बाबांच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही, स्वतःही बसत नाही. स्टुलावर कंबर मोडते, मोडू दे.

काल दुपारी एक फिरता औषधविक्रेता आला. घड्याळ हातून पडलं, तेव्हापासून मागं राहतं म्हणाला. मी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमटाच गळून पडला. दोन रेघा, मधे टिंब. खाली यंदाच्या फेब्रुवारीची तारीख.

मेलेला माणूस घड्याळं दुरुस्त करतो होय?

"आधी कुठं दाखवलं होतं?" मी विचारलं.

"माझ्या फेरीतल्या शेवटच्या गावी, बसस्थानकासमोर. दर महिन्याला जातो तिथं. माणूस घुमा आहे, पण हात लाखमोलाचा."

"उद्या या," मी कसंबसं म्हटलं.

तो गेल्यावर झाकण आत्यापुढं आपटलं. "ही तारीख वाच."

तिनं वाचली आणि मटकन बसली, बाबांच्याच खुर्चीवर. मी उठ म्हणाले नाही.

"बोट उलटली हे खरं गं. तो तिच्यात नव्हता. तुझ्या आईमागं त्याला घर खायला उठायचं. शोधू नका, अशी चिठ्ठी ठेवून गेला. तू रोज दाराकडं डोळे लावून बसली असतीस. मेलेल्यासाठी माणूस रडून मोकळं तरी होतं."

"मी मोकळी झाले? इतके महिने माझे डोळे पुसत होतीस आणि सगळं ठाऊक होतं तुला! कशी गं धजलीस?"

ती रडायला लागली. मी जवळ गेले नाही. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, तेही खोटं निघालं. एवढं एकटं मला त्या ऑगस्टमध्येही वाटलं नव्हतं.

सकाळी तिनं हळूच विचारलं, "तुझं तिकीट काढू? जा, घेऊन ये त्याला."

"मी का जाऊ? हरवले मी नाहीये."

घड्याळ नीट केलं. बाबांच्या खुणेखाली सुई टेकवली. रेघा काढल्या नाहीत. नुसतं टिंब कोरलं आणि आजची तारीख.

विक्रेता आला तेव्हा म्हटलं, "त्या गावी गेलात की त्यांना दाखवा."

"का? पुन्हा बिघडेल?"

"नाही. तरी दाखवा. झाकण उघडायला सांगा."

तो गेला. आत्यानं चहा आणून ठेवला. मी घेतला, पण तिच्याकडं न बघता. मग स्टूल बाजूला सारलं आणि बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसले. ती मला अजून मोठी होते.