भाड्याची रेघ

खाटेवर दोन सुती साड्या, एक स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्यांची चार पाकिटं, ज्वारीच्या पापड्यांचा एक डबा आणि धम्मदीपचा शाळेतला एक फोटो होता. एकूण नऊ वस्तू. दुर्गामावशीने त्या पिशवीत भरल्या आणि पिशवी दाराच्या चौकटीला टांगलेल्या काट्याला अडकवली. पातूरजवळच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं तिने याच काट्यावर पोरांची वजनं केली होती. निवृत्त झाली तेव्हा बाद ठरलेला हा काटा ती अकोल्याला घेऊन आली.

"चार किलो आठशे," ती म्हणाली. "विमानात किती चालते?"

"सात," मी म्हणाले.

"मंग आनखी एक डबा बसते."

धम्मदीप तिचा एकुलता एक मुलगा. पॅसिफिकमधल्या एका लहानशा बेटावर, हॉटेलात एसी दुरुस्तीचं काम करायचा. त्याचं लिव्हर खराब झालं होतं. विमानात बसणं झेपणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून मावशी जाणार होती. मुंबईपर्यंत रेल्वे, मग सिंगापूर, मग फिजी आणि पुढे बारा सीटांचं विमान. पहिल्या दिवशी भाडं होतं चौऱ्याण्णव हजार सहाशे. मावशीकडे पासष्ट हजार होते.

मी तिची भाची रश्मी, अमरावतीला एका क्लासमध्ये संख्याशास्त्र शिकवते. सतरा दिवस रोज सकाळी सहा वाजता मी भाडं टिपून ठेवत होते. त्या नोंदींचा आलेख मावशीच्या भिंतीवर चिकटवला होता आणि दर रविवारी अकोल्याला आले की तो पुढे काढत होते.

"आज किती?"

"एकाहत्तर हजार आठशे. उतरून राहिलं. पंचवीस तारखेला बासष्टवर येते."

मावशीने रेघेवरून बोट फिरवलं. "आमच्या कार्डावर पोराची रेघ अशी खाली गेली का मी त्याच दिवशी त्याच्या घरी जात होतो. अन् तू म्हनतं, थांब."

"ही वजनाची रेघ नाही, मावशी."

"समजते मले. येडी नाही मी." तिचा हात कानाकडे गेला. "हे कानातले मोडू का? आठ-दहा हजार तं येतीनच."

"कायले मोडतं? तेराच दिवस आहेत."

तिने हात खाली घेतला.

तेवढ्यात धम्मदीपचा व्हिडिओ कॉल आला. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

"इथं नारळ गंज आहेत, आई, ढीगभर. तुये दात किती उरले?"

"सोळा. तुले चावाले पुरतीन."

तो हसला, मग त्याला दम लागला. "कवा येतं?"

"पंचवीसले रश्मी तिकीट काढते. सव्वीसले निंघतो."

त्याने बोटांवर दिवस मोजले. "थांबतो मंग," तो म्हणाला.

वीस तारखेला दुपारी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन मला आला. मी क्लास सोडून बस पकडली. अकोल्याला पोचेपर्यंत मी मावशीला काही कळवलं नाही. दारात मला पाहिलं आणि तिने विचारलं, "आज तं सोमवार. तू काहून आली?"

मग मी सांगितलं. ती काट्याखाली जमिनीवर बसली. म्हणाली, "तो थांबतो म्हने."

बेटावर शीतगृह नव्हतं. दफनासाठी आईची संमती हवी होती. मॅनेजरने पाठवलेल्या कागदावर मावशीने मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून सही केली. पहिली सही नीट उठली नाही, म्हणून दुसरी केली.

संध्याकाळी तिने पिशवी काट्यावरून काढली, डबा उघडला आणि चार पापड्या तळून माझ्यापुढे ठेवल्या. "खाय. बसनं आली तू." कानातले कानातच होते. भिंतीवरच्या कागदाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

पंचवीस तारखेला सकाळी सहाला माझ्या मोबाइलचा गजर वाजला. मी भाडं पाहिलं. एकसष्ट हजार सातशे तीस. अंदाज बासष्ट हजारांचा होता. फरक, दोनशे सत्तर.