एकवीसच्या आत

आमच्याकडं शाळेत घालताना पोराचं वय हातानं मोजत. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान पकडायचा. कान लागला की पोर सहाचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. जन्माचा दाखला कुणी मागत नसे, कारण तो कुणाकडं नसेच. तारीख सगळ्यांना एकच, एक जून. साल तेवढं मास्तर वजाबाकीनं काढायचे.

१९८६च्या जूनमध्ये बदरुद्दीननं रूहीला असंच उभं केलं. ओतूरला एसटी स्टँडच्या मागं त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचं दुकान होतं. पोरगी दिवसभर तांब्याच्या तारेत आणि वॉर्निशच्या डब्यात हात घालायची. घरी बायको सितारा पोटुशी. पोरगी शाळेत गेली तर बरं, एवढाच विचार. रूही तेव्हा साडेचारचीही नव्हती. बोटं कानाच्या वरच अडत होती.

"बदरू, लागत नाय बघ," धर्माजी गुरुजी खुर्चीवरून म्हणाले.

बदरुद्दीननं पोरीची मान हलकेच कलती केली. कान लागला.

"झाली सहाची!" गुरुजी हसले आणि त्यांनी लिहिलं, १ जून १९८०.

खरी ती जन्मली होती जानेवारी ब्याऐंशीत, राजुरीला, सिताराच्या माहेरी, सुईणीच्या हातून. पंचायतीत नोंद करायचं काम सिताराच्या भावाकडं, मौला मामूकडं होतं. त्यानं ते आळसानं केलं नाही. आळसाला आपल्याकडं कुणी गुन्हा म्हणत नाही.

बदरुद्दीनची बहीण जैतून नर्स होऊन शिकागोला गेलेली. तिथली नागरिक झाल्यावर १९८८ साली तिनं भावासाठी अर्ज टाकला. भाऊ, भावजय आणि त्यांची एकवीसच्या आतली, बिनलग्नाची मुलं. म्हणजे रूही आणि धाकटा जुबेर. मुलांच्या जन्मतारखा तिनं पत्रातून मागवल्या. बदरुद्दीननं रूहीची शाळेतली तारीख कळवली. सरकारी कामाला सरकारी तारीख, असं त्याला वाटलं. आपला माणूस वाघाला घाबरावं तसा कागदाला घाबरतो, आणि त्याच कागदात स्वतःच्या हातानं खोटं लिहितो.

मग वर्षं गेली. तिकडं दर महिन्याला एक तारीख जाहीर होते. तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर तुमचा नंबर. कधी ती महिन्याला आठवडाभर सरकते, कधी वर्षभर जागची हलत नाही, कधी मागंही जाते. जैतून पत्रात लिहायची, सरकतंय. दुकानात मोटार घेऊन आलेलं कुणीतरी विचारायचं, "काय बदरूभाई, इमान कुठवर आलं? नारायणगावला पंक्चर झालं का काय?" बदरुद्दीन हसायचा. हसता हसता त्याचे पुढचे दोन दात गेले.

रूहीला जुन्नरहून, बोरीहून स्थळं आली. सितारानं सगळी परतवली. लग्न झालं की पोरगी अर्जातून बाद. लोकांनी लोकांसारखंच केलं, पोरीत खोट आहे म्हणाले.

२००१च्या मार्चमध्ये पाकीट आलं. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, बारा जून. बदरुद्दीननं स्टँडवर पेढे वाटले. संध्याकाळी रूहीनं ते पत्र वाचलं. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजी तिला येत होतं. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"अब्बा, एक जूनला कागदावर मी एकवीसची होते."

"मग?"

"मुलाखत बारा तारखेला आहे."

बदरुद्दीनच्या हातात पेढा होता. तो त्यानं परत डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो धर्माजी गुरुजींच्या घरी गेला. गुरुजी निवृत्त होऊन अंगणात शेंगा फोडत बसलेले.

"गुरुजी, तेवढी तारीख बदलून द्या. तुमीच लिवली व्हती."

"बदरू, आपल्या ओतुरात एक जूनला जेवढी पोरं जल्माला आली तेवढी अख्ख्या चीनमधी नाय आली राव! कुणाकुणाची बदलू?" गुरुजी हसले. बदरुद्दीन हसला नाही, तेव्हा तेही थांबले. "शाळा सुटल्यावर रजिस्टरला हात लावता येत नाय. मी मेलो तरी नाय."

"ती एकोणीसची आहे, गुरुजी."

"मला ठावं हाय. मान वाकडी केलेली बघितली मी."

"मग तवाच का नाय बोलला?"

"तवा तू हात जोडून उभा व्हतास. आजबी तसाच हायेस."

जुन्नरच्या कचेरीत सांगितलं, जन्माची नोंद आता करायची तर हुकूम लागेल, साक्षीदार लागतील, पाचसहा महिने धरा. आणि शाळेचा दाखला एक सांगतो नि तुम्ही एक, तर आधी कोर्टात जा. सुईण मेलेली. मुलाखत आधी घ्या म्हणून जैतूननं तिकडून वकिलातीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

एक जून उजाडला. रूही कागदावर एकवीसची झाली.

बारा तारखेला काचेपलीकडच्या बाईनं कागद उलटले. दुभाष्यानं मराठीत सांगितलं, "तिघांचं होईल. मुलगी एकवीसच्या पुढं गेली, अकरा दिवसांनी. तिचं नाही."

सितारा काचेला चिकटली. "हिला जन्म मी दिलाय. मला विचारा की कधी दिला ते!"

दुभाष्यानं भाषांतर केलं. बाई काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात, कागद आहे का?"

परतीच्या एसटीत बदरुद्दीन म्हणाला, "कुणीच जायचं नाय." जुबेर चौदा वर्षांचा, तो खिडकीकडं तोंड करून रडत होता. ओतूर येईपर्यंत बदरुद्दीननं ते वाक्य तीनदा म्हटलं, आणि दर वेळी आवाज थोडा खाली आला.

जैतूनचा फोन आला. व्हिसाची मुदत डिसेंबरपर्यंतच. तुम्ही या, आल्यावर तू रूहीसाठी वेगळा अर्ज टाक. आठनऊ वर्षं लागतील. फक्त तिचं लग्न होता कामा नये. झालं तर तो अर्ज तिथंच मेला.

ऑगस्टात तिघं गेले. तेरा वर्षांची वाट सोडवत नाही, दारूपेक्षा वाईट. रूहीला राजुरीला मौला मामूकडं ठेवलं. निघताना सिताराचा पदर रूहीच्या मुठीत होता. बदरुद्दीननं एकेक बोट सोडवलं.

महिन्याभरात टीव्हीवर त्या दोन इमारती कोसळल्या. मौला मामूच्या घरात माणसं दाटीनं बसून बघत होती. सगळे निघून गेल्यावर मामू टीव्ही बंद करून म्हणाला, "रूही, आता तुझ्या बापाचं नाव वाचून तिकडं कोण पाकीट फोडणार?"

फोन कमी झाले. जैतून फुफी सांगायची, अब्बा कामावरून थेट घरी येतात, बाहेर पडत नाहीत. अर्ज टाकलाय, पावती आली नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. पावती आली नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी बूथवरून अब्बांशी बोलणं झालं. लाईन खरखरत होती. "बेटा, कळ काढ. लग्नाला हो म्हणू नको." रूही म्हणाली, "अब्बा, मला इथून न्या." मग लाईन तुटली.

घरी आली तर दारात पुरुषांच्या चार जोड चपला. मामी हात धरून तिला थेट मागच्या खोलीत घेऊन गेली. मामू पाठोपाठ आला.

"मंचरची माणसं आहेत. मुलगा ट्रक चालवतो. पहिली बायको वारली."

"मामू, लग्न झालं तर अर्ज मरेल."

"मरू दे. तेरा वर्षं पहिला अर्ज जिता होता तर त्यानं कुणाला जगवलं? माझ्या घरात दोन जवान पोरं आहेत. गाव मला विचारतं, बहिणीची पोरगी कशाला ठेवलीस. मी काय उत्तर देऊ? शिकागोची पावती दाखवू?"

"अब्बांना विचारा तरी."

"तुझ्या बापानं विचारलं का मला, विमानात बसताना?" मामूचा आवाज चढला. मग त्याला बैठकीतली माणसं आठवली आणि तो हळू झाला. "शुक्रवारी नमाजनंतर निकाह. तू नुसतं कबूल म्हण. बाकी मी बघतो."

"मी म्हणणार नाही."

मामूनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. बंद पडलेल्या यंत्राकडं माणूस बघतो, आता दुरुस्त करायचं की ठोकायचं, तसं.

तो बाहेर गेला. बैठकीत पाहुण्यानं विचारलं, "पोरगी राजी हाय ना, मौलाभाई?"

"राजी म्हणजे! घ्या, चहा घ्या," मामू हसून म्हणाला.

मामीनं रूहीच्या पुढ्यातून चपला उचलल्या, शिकागोच्या नंबराची चिठ्ठी तिच्या मुठीतून काढून घेतली आणि बाहेर जाऊन कडी लावली. शुक्रवारला तीन दिवस होते.