दगडी मासा

सत्त्याण्णवव्या पायरीवर ताईचा गुडघा कुरकुरला. तिने कठडा धरला, एक मोठा श्वास घेतला, मोजणं मात्र सोडलं नाही. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. वरच्या वळणावर भोवऱ्याच्या चपलांचा आवाज येत होता. तोही मोजत होता, आपलं आपलं, मनातल्या मनात. दीपगृहाच्या जिन्यात एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

वर पोचल्यावर दोघं समोरासमोर उभी राहिली. ताईने एकेक बोट उघडत तीनपर्यंत नेलं आणि दोघं एकदम म्हणाली,

"एकशे बत्तीस."

"जुळलं," भोवरा म्हणाला आणि त्याने वहीत आकडा मांडला.

ताईला या क्षणी दर वेळी वाटायचं तेच आताही वाटलं. दम लागलाय, गुडघा ठणकतोय, पण जगातली एक गोष्ट तरी पक्की झाली. खाली समुद्र पसरला होता, त्याच्या कडेकडेने त्यांचा रस्ता गेला होता आणि वळणावर त्यांची राखाडी गाडी उभी होती. भोवरा समुद्राकडे पाठ करून मोबाइल बघत होता. दमला असेल, ताईच्या मनात आलं.

भोवरा तिचा धाकटा भाऊ. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव पन्नाशी जवळ आली तरी सुटलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. त्याच्या डब्यापासून त्याच्या पहिल्या दाढीपर्यंत सगळं तिनेच बघितलं. पुढे दोघांनी मिळून या किनाऱ्याचं प्रवासपुस्तक काढलं. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढायची, आणि प्रत्येक आवृत्तीआधी पहिल्या दीपगृहापासून शेवटच्या किल्ल्यापर्यंत सगळा रस्ता नव्याने पालथा घालायचा. कुठल्या दारावर कुलूप असतं, कुठल्या तटावर दुपारी सावली पडते, कुठल्या संग्रहालयाचा पहारेकरी जेवणानंतर डुलकी काढतो, हे सगळं त्यात होतं. मुखपृष्ठावर ताईचं नाव होतं, कारण लिहायची ती. गाडी, फोटो आणि आकडे भोवऱ्याकडे. पण आतल्या पहिल्या पानावरचं एकुलतं एक वाक्य भोवऱ्याचं होतं, आणि ताई ते एका आवृत्तीतही बदलू देत नसे: 'या पुस्तकातली प्रत्येक पायरी आम्ही दोघांनी मोजली आहे, एकट्याच्या शब्दावर काहीही घेतलेलं नाही.'

ते खरंही होतं. पहिल्या प्रवासात एका किल्ल्यावर दोघांच्या आकड्यांत एका पायरीचा फरक पडला होता. सगळ्यात खालचा दगड ही पायरी की जमीन, यावरून भोवरा असा काही इरेला पेटला की भर उन्हात दोघं तीनदा खाली-वर करून आली. शेवटी त्यानेच नियम सांगितला, जिथे पाय उचलावा लागतो ती पायरी. दोन दिवस दोघांना जिना बघितला तरी धडकी भरत होती.

त्या दुपारी दोघं खाडीच्या तोंडाशी आली तर फेरीबोटीचा धक्का ओस पडलेला. तिकिटाच्या खिडकीत एक म्हातारा जाळं विणत बसला होता.

"बोट किती वाजता?" ताईने विचारलं.

"बोट गेल्या वर्षीच बंद झाली. पूल झाला ना तिकडे. तुमच्या पुस्तकात वेळ दिलीय म्हणतात, रोज दोन-चार जण येतात आणि मला शिव्या घालून जातात."

ताईने त्याची माफी मागितली आणि लाल पेन्सिलीने फेरीबोटीचा अख्खा परिच्छेद उडवला. यासाठीच यावं लागतं, ती गाडीत बसताना म्हणाली. भोवऱ्याने नुसती मान हलवली.

पुढचं गाव बंदराचं. तिथे जुन्या धान्याच्या कोठारासमोर एक पुस्तकांचं दुकान होतं आणि तिथली दुकानदारीण ताईच्या अठरा वर्षांच्या ओळखीची. ती बोलायला मोकळी होती, फक्त भोवऱ्याला अजूनही 'गाडीवाले भाऊ' म्हणायची. तिची चूक दुरुस्त करायचं ताईच्या दर खेपेला मनात यायचं आणि बोलण्याच्या नादात राहून जायचं.

"या ताई. गाडीवाले भाऊ, गाडी जरा सावलीत घ्या हं," दुकानदारीण म्हणाली. भोवरा गाडी सावलीत घ्यायला गेला. "मला वाटलं, तुमचं नवं पुस्तक आलंसुद्धा. म्हटलं, या वेळी नाव का नाही घातलं ताईंनी?"

"कुठलं पुस्तक?"

तिने फळीवरून एक चकचकीत, जाडजूड पुस्तक काढून दिलं. गेल्याच महिन्यात आलेलं. लेखक म्हणून कुणाचंच नाव नव्हतं, नुसतं एका कंपनीचं. ताईने मधलंच पान उघडलं आणि तिथे तिचंच वाक्य छापलेलं होतं. 'या वाटेने दुपारी जाऊ नये. सावली नाही आणि पाणी विचारायला माणूस नाही.' तिने चार पानं पुढे उलटली. पहारेकऱ्याची डुलकीसुद्धा होती.

कुणालाही वाटेल, तिच्या पायाखालची जमीन सरकली असेल. पण तसं झालं नाही. तिला चक्क आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

कारण असं काही होणार हे तिला माहीत होतं आणि त्यावरचा उपाय तिच्याकडे होता. पहिली आवृत्ती अशीच कुणीतरी उचलली होती आणि तेव्हा काही सिद्ध करता आलं नव्हतं. त्यांचा म्हातारा छापखानेवाला म्हणाला होता, एक खोटं पेरा. कुणाचं नुकसान होणार नाही असं, पण जगात नसलेलं. चोर सगळं उचलतो तेव्हा तेही उचलतो. तेव्हापासून दर आवृत्तीत एक खोटं असायचं. प्रवासाच्या शेवटी, शेवटच्या किल्ल्याच्या पायथ्याशी चहा घेताना दोघं ते ठरवायची आणि पोटभर हसायची. ते तिसऱ्या कुणाला कधीच सांगायचं नाही. मागच्या खेपेला भोवऱ्याला या कोठाराच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, एक दगडी मासा सुचला होता. नंतर तीन वाचकांनी तो बघितल्याचं पत्राने कळवलं. एकाला तर त्याचे खवलेही दिसले होते. भोवरा ते पत्र वाचून हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला होता.

आता सापडलास बेट्या, असं पुटपुटत ताईने कोठाराचं पान काढलं. दारं सात, बरोबर. खिडक्यांचे गज, बरोबर. आत बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, तेही तिच्याच शब्दांत. आणि मासा नव्हता.

तिने पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. माशाच्या आधीचं वाक्य होतं, नंतरचं होतं, मधलं तेवढं नव्हतं.

एखादा इथे येऊन भिंत बघून गेला असेल, मासा दिसला नाही म्हणून गाळला असेल. ही शक्यता तिने अगदी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग तिने खाडीचं पान काढलं. फेरीबोट दर तासाला सुटत होती. वर्षापूर्वी बंद पडलेली बोट या नव्या पुस्तकात अजून चालू होती, म्हणजे या रस्त्याला कुणी फिरकलंच नव्हतं. इथे न येता, भिंत न बघता, मासा खोटा आहे हे कळलेला माणूस जगात एकच होता. तो समोर झाडाखाली गाडीची काच पुसत होता.

कुणी परक्याने लुटलं असतं तर ती भांडली असती, चार लोकांना सांगत सुटली असती. हा तर केसाने गळा कापला होता, आणि तोही ज्याच्या केसांना तिने स्वतः तेल लावलं त्याने.

"काय झालं ताई? पाणी देऊ?" दुकानदारीण म्हणाली.

"नको. हे घेते मी."

गाडीत बसल्यावर तिने ते पुस्तक समोर काचेपाशी ठेवलं, नाव वर करून. भोवऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं आणि गाडी चालू केली. एरवी तिच्या हातात शेंगदाण्याची पुडी दिसली तरी हा माणूस 'काय आहे, कुठून घेतलंस' म्हणून खनपटीला बसायचा. पुढचे बारा मैल त्याने काही विचारलं नाही. वळणावर पुस्तक घसरून त्याच्या बाजूला आलं, तेव्हा त्याने ते एका हाताने हळूच सरकवून परत जागेवर ठेवलं.

"ऊन कमी झालंय," तो म्हणाला.

"हो."

"शेवटच्या किल्ल्यावर आज नाही गेलं तरी चालेल. तुझा गुडघा बघ. जुनाच आकडा घाल. कोण मोजायला जातंय?"

ताईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. उन्हात तीनदा खाली-वर करणाऱ्या त्या पोराला ती शोधत होती.

"दोघांनी मोजायचं," ती म्हणाली.

किल्ल्याच्या पायथ्याशी गेल्यावर कळलं, जुना आकडा तसाही कामाचा नव्हता. पायऱ्या त्याच वर्षी नव्याने बांधून काढल्या होत्या, कोऱ्या, फिक्या दगडाच्या. दोघांनी सगळ्यात खालच्या दगडाशी पाय जुळवले आणि चढायला सुरुवात केली. भोवरा पुढे, ताई मागे. गुडघा प्रत्येक पायरीला आपलं म्हणणं मांडत होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. इतक्या काळजीने तिने आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. बुरुजापाशी पोचली तेव्हा तिच्या मनात आकडा लख्ख होता, दोनशे अकरा.

दोघं समोरासमोर उभी राहिली. भोवऱ्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तोही मोजत आला होता, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. ताईने बोटं उघडली. एक, दोन, तीन.

"दोनशे..." दोघं एकदम म्हणाली.

"...चार," ताई म्हणाली.

हे तिने ठरवलं नव्हतं. जिभेवर आलं आणि बोलून गेली. भोवऱ्याचं तोंड उघडं होतं, पुढचा शब्द ओठांवर आलेला दिसत होता. ताई वाट बघू लागली. आता हा कपाळाला हात लावेल. म्हणेल, झोपेत चढलीस का? चल खाली, परत मोजू. तिला ते इतकं हवं होतं की गुडघ्याची पर्वा न करता ती खाली उतरायला तयार होती, तीनदा, दहादा. तो भांडला असता तर तिने बाकीचं सगळं पोटात घातलं असतं.

भोवऱ्याने तोंड मिटलं.

"जुळलं," तो म्हणाला आणि त्याने वहीत दोनशे चार लिहिलं.

वारा बरा सुटला होता. ताई बुरुजावर बसली आणि तिने गुडघ्यावर हात ठेवला. भोवरा थोडा वेळ वहीशी चाळा करत उभा राहिला. मग तिच्याकडे न बघता बोलायला लागला.

"त्या कंपनीने मला ऑफिसात टेबल दिलंय, ताई. खिडकीपाशी. बाहेर पाटीवर नाव लावलंय."

"बरं झालं. ऊन लागणार नाही."

"तू लिहितेस, ते लोकांना कळतं. मी कोण म्हणून कुणी कधी विचारलं?"

त्यावर ताईला दुकानदारीण आठवली, सावलीत घेतलेली गाडी आठवली. अठरा वर्षं एक वाक्य बोलायला तिला सवड झाली नव्हती. ते मनाला लागलं, पण त्याने पहिली जखम काही भरली नाही.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"सांगणारच होतो. हा प्रवास झाला की."

उतरताना त्याने तिला हात दिला. तिने तो घेतला, कारण पायऱ्या उंच होत्या. पायथ्याशी तीच टपरी होती आणि तेच हलणारं टेबल. सवयीने दोघं त्याच खुर्च्यांवर बसली. चहा आला. भोवऱ्याने तिच्या कपात साखर घातली, तिला लागते तेवढीच, आणि ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "यंदा खोटं काय टाकायचं?"

त्याच्या आवाजात इतकं आर्जव होतं की क्षणभर तिला नऊ वर्षांचं पोर समोर बसल्याचा भास झाला. तिने कप उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"टाकून झालंय."

"कुठल्या पानावर?"

"पहिल्या."

भोवऱ्याचा चमचा थांबला. जुनी आवृत्ती टेबलावरच होती, पण त्याने ती उघडून बघितली नाही. प्रत्येक पायरी दोघांनी मोजल्याचं ते वाक्य त्याला पाठ होतं.