अक्कलदाढेचा पुरावा

माणसाचं वय सांगायला त्याच्या दातांइतका प्रामाणिक साक्षीदार नाही, असं दंतवैद्य डॉक्टर गेली तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते. आज तेच क्ष-किरण यंत्राला हनुवटी टेकवून उभे होते, आणि दवाखान्यातल्या मदतनीस बाई बटणावर बोट ठेवून थबकल्या होत्या.

"डॉक्टर, दाढ दुखतेय का?"

"नाही. मी सोळा वर्षांखालचा नाही, हे सिद्ध करायचंय."

"कोणाला?"

"रणगाड्यांच्या खेळाला."

बाईंनी त्यांच्या टकलाकडे एकवार पाहिलं आणि बटण दाबलं.

डॉक्टरांचं खेळातलं खातं सकाळीच बंद झालं होतं. खेळ सोळा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि आपण लहान मूल असल्याची आमची खात्री पटली आहे, असं कंपनीनं कळवलं होतं. पुराव्यादाखल तुकडीतल्या गप्पा जोडल्या होत्या. 'बाळ, जेवलास का?' 'बाळ, एकटा पुढे जाऊ नकोस, मार खाशील.' 'बाळ, हट्ट पुरे, मागे फीर.' हे सगळं तुकडीप्रमुखानं, म्हणजे डॉक्टरांच्या थोरल्या ताईनं लिहिलेलं. घरातल्या शेंडेफळाला बाळ म्हणतात, आणि पुढे त्याला कवळी लागली तरी बाळच म्हणतात, हे कंपनीच्या तपासयंत्राला कोण सांगणार? त्यानं आपला शब्दकोशातला अर्थ धरला होता. डॉक्टरांनी पुरावा दोनदा वाचला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"एवढं काय त्या खेळाचं," बाई म्हणाल्या. "दुसरा खेळा."

दुसरा चालणार नव्हता. भावोजी गेल्यापासून ताई फोन उचलत नव्हती. भेटायला गेलं की 'मी बरी आहे' म्हणून दारातूनच बोळवण करायची. संध्याकाळ झाली की मात्र भावोजींच्या संगणकावर बसायची आणि त्यांच्या जागी त्यांची तुकडी चालवायची. दिवसभरात ती कोणाशी चार शब्द बोलत असेल तर तिथे. हे कानावर आल्यावर डॉक्टरांनी खातं उघडलं होतं. रणगाडा डावीकडे वळवताना ते स्वतःही डावीकडे कलत आणि खुर्चीवरून घसरत, पण एक संध्याकाळ चुकवत नसत.

वाहनपरवाना पाठवून झाला होता. परवान्यावरची व्यक्ती आणि 'बाळ' एकच असल्याचं दिसत नाही, असं उत्तर आलं होतं. आता डॉक्टरांनी चारही अक्कलदाढांचं चित्र पाठवलं. झिजलेल्या, जुन्या, एक तर किडलेली. यापुढे पुरावा म्हणून फक्त कवटीच उरत होती.

उत्तर तत्काळ आलं. 'चित्रात चेहरा आढळला नाही. कृपया डोळे उघडे ठेवावेत.'

खाली दोन मार्ग दिले होते. माणसाकडून फेरतपासणी, मुदत एक महिना. किंवा पालकाची संमती, खातं लगेच सुरू.

"महिना थांबा की," बाई म्हणाल्या.

"महिनाभरात ताई तेही दार लावून घेईल."

"आणि या वयात पालक कुठून आणणार?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, चष्मा वर सरकवला आणि पालक या रकान्यात ताईचं खेळातलं नाव लिहिलं. मग 'मी लहान आहे' या चौकोनात खूण केली. जरा जोरातच केली. खाली अटींची लांबलचक जंत्री होती. आपली सूचनापत्रकं न वाचणाऱ्या पेशंटांना फैलावर घेणाऱ्या डॉक्टरांनी ती न वाचताच मान्य केली.

दुपारभर ते दात काढत होते आणि अधूनमधून फोनकडे बघत होते. शेवटच्या पेशंटच्या वेळी पडदा उजळला. 'या मुलाची जबाबदारी मी घेते', या ओळीपुढे ताईची संमती होती. खाली तिनं स्वतः लिहिलं होतं, 'सकाळपासून शोधतेय. कुठे होतास?'

"तोंड उघडा," डॉक्टर पेशंटला म्हणाले. ते केव्हाचं उघडंच होतं.

रविवारी संध्याकाळी तुकडीचा मोठा सामना होता. डॉक्टर सगळ्यांत पुढे, अरुंद पुलावर. बरोबर आठ वाजता पडदा निळा झाला आणि त्यावर झोपलेलं अस्वल आलं. 'आजची वेळ संपली. छान झोप घ्या.' डॉक्टरांनी सगळी बटणं दाबून पाहिली. अस्वल घोरत राहिलं.

इतक्यात फोन वाजला. ताईचा होता.

"बाळ, पुलावर गाडी आडवी टाकून कुठे गेलास?"

"मला झोपायला पाठवलंय."

"कोणी?"

"अस्वलानं. लहान मुलांचं खातं आहे ना."

पलीकडे ताई हसली. आधी नाकातून, मग चांगलीच.

"हे पण तिथेच अडकायचे," ती म्हणाली. "त्या पुलावर. आणि नावं मला ठेवायचे, मध्ये बोललीस म्हणून."

डॉक्टरांनी उठून पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

"आणखी काय म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

ताई सांगत बसली. पूल अडल्यामुळे मागचे सगळे रणगाडे जागच्या जागी उडाले आणि तुकडी पहिल्याच फेरीत बाद झाली.