सावलीला मंजुरी लागत नाही

मी खुरपं बोलतंय. माणसांची भाषा मला येते, कारण या घरात काम कमी आणि बोलणं फार. एका लोहाराने मला गाडीच्या जुन्या पाट्यातून घडवलं. भाता, घण, पाणी, झालं! आराखडे काढत बसला असता, तर मी अजून गाडीखालीच असतं.

मला विकत घेतलं ते बाबांनी. बाबा म्हणजे निवृत्त आरेखक. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, आता परसातल्या चार वाफ्यांचे काढतात. त्यांनी अंगठ्याने माझी धार पाहिली, "उत्तम" म्हणाले आणि मला खिळ्याला टांगलं. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा हात मला लागला नाही.

मला वापरायची ती त्यांची मुलगी. दुपारी जेवायला जाताना ती मला नळाजवळ मातीत रोवून जायची. त्यामुळे मला एक गोष्ट कळली, जी बाबांना सत्तर वर्षांत कळली नाही. भर उन्हाळ्यात माझ्या मुठीची सावली माझ्या पायाशी असते. ऊन कललं, दिवस लहान झाले, की तीच सावली वीतभर पुढे सरकते.

बाबांनी थंडीच्या भाज्यांचा आराखडा भर उन्हाळ्यात केला. टेप लावून भिंतीची सावली मोजली आणि कोबीला जागा दिली भिंतीलगत. मधली उन्हाची जागा कुणाला? दोन खुर्च्यांना. तिथे ते आणि त्यांचे ऑफिसातले जुने मित्र चहा पीत आराखड्यावर चर्चा करणार!

मुलीने फुटक्या कपांत कोबीची चाळीस रोपं वाढवली. ती लावायला आली, तेव्हा बाबा मित्रांसमोर सातवा आराखडा रंगवत होते. पालकाचा हिरवा त्यांच्या मनासारखा उतरत नव्हता.

"बाबा, आता उशीर झाला तर गड्डा धरणार नाही."

"आधी आराखडा, मग माती."

"कोबीला कागद वाचता येत नाही! आणि भिंतीची सावली पार नळापर्यंत येतेय."

"मी मोजलीय."

"उन्हाळ्यात मोजलीत!"

"मग? भिंत तेव्हापासून वाढली का?"

मित्र खो खो हसले. निवृत्त माणसाचा विनोद निवृत्त माणसालाच कळतो.

बाबा कागद घेऊन उभे राहिले आणि वीस रोपं भिंतीलगत लावून घेतली. उरलेल्या विसांसाठी मुलीने दुसऱ्या दिवशी खुर्च्या उचलून भिंतीकडे नेल्या. "तुम्हाला सावलीचं एवढं ज्ञान आहे, तर बसा तिच्यात." मग मला घेतलं आणि मधली जमीन उकरली. इतक्या आनंदाने मी कधी माती कापली नव्हती.

मधल्या कोबीने डोक्याएवढे गड्डे धरले. भिंतीलगतची रोपं काटकुळी झाली, उरलंसुरलं गोगलगायींनी खाल्लं. बाबांचं निदान तयारच होतं, "बियाणंच हलकं." चाळीसही रोपं एकाच पुडीतली! नाचता येईना, अंगण वाकडं.

पण खरी कमाल पुढेच. मित्र आले तेव्हा बाबांनी आठवा आराखडा उलगडला. त्यात कोबी मध्ये, खुर्च्या भिंतीकडे. "ही माझी सुधारित योजना," ते म्हणाले.

मुलगी गड्डा कापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तारीख कुठली टाकलीत, बाबा?"

या वेळी मित्र हसले नाहीत. चहा मात्र संपवून गेले.

पुढे तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना तिने मला घासून, तेल लावून खिळ्याला अडकवलं. "वापरा हो, बाबा," म्हणाली. बाबांनी वापरलं. मला घरात आणलं आणि नवा आराखडा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलं.

आता पावसाळा सरतोय. परसात गवत गुडघ्याएवढं झालंय आणि माझ्या पात्याला माती नाही, शाई लागलीय. तुमच्यापैकी कुणाच्या नखांत माती असेल, तर मला इथून घेऊन जा. मोजपट्टीवाले नकोत.

दुपारी खिडकीतून ऊन येतं. माझ्या उभ्या मुठीची सावली कागदावर पडते आणि रोज थोडी लांबते. काल ती बरोबर कोबीच्या चौकटीवर जाऊन थांबली. बाबांनी चष्मा लावला, वाकून तिच्याकडे नीट पाहिलं.

मला वाटलं, कळलं!

"मध्येच येते ही," ते पुटपुटले, आणि उठून त्यांनी पडदा ओढला.