वेधशाळेवरचं पिवळं फडकं

क्रेन फाटकातून आत शिरली तेव्हा रेडिओबाई वेधशाळेच्या गच्चीवर उभ्या राहून आभाळाकडे बघत हसत होत्या. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. सकाळपासून ढगांनी असा ठिय्या दिला होता की सूर्याचं नखसुद्धा दिसत नव्हतं.

"आई, खाली ये!" लेक ओरडली. "साहेब आलेत. आणि एकटी हसू नकोस बाई, लोक आधीच काय काय बोलतात."

बोलणारच. साठी केव्हाच ओलांडलेली बाई लेकीला घेऊन बंद पडलेल्या वेधशाळेत महिनाभर खाटखुट करते म्हटल्यावर लोकांनी काय आरत्या ओवाळायच्या? पण रेडिओबाईंना लोकांची पर्वा कधीच नव्हती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथं घातली होती. मैदानात लोखंडी मनोऱ्यावर अजस्र परात कलती ठेवावी तशी ती डिश. तिनं आकाशातल्या रेडिओ लहरी गोळा करायच्या आणि रिसीव्हरच्या इंजिनिअर म्हणून बाईंनी त्या ऐकायच्या, मोजायच्या. सूर्यावर वादळ उठलं की ते इथं आधी कळायचं. काय दिमाख होता तेव्हा! देशोदेशीचे शास्त्रज्ञ यायचे, जिन्यात उभं राहायला जागा नसायची. मग कुठंतरी लांब माळावर हिच्याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणी उभ्या राहिल्या. शास्त्रज्ञ तिकडे पळाले. डिश फिरवणारं गिअर एके दिवशी जाम झालं, ते दुरुस्त करायला कुणी पुढं आलं नाही, आणि दाराला कुलूप लागलं. डिशचं तोंड जिकडे अडकलं तिकडेच राहिलं. तिच्यात कबुतरांनी संसार थाटले.

आता ती कापून भंगारात जायची होती. शेजारचं कॉलेज मुलांना शिकवायला ती घ्यायला एका पायावर तयार होतं, पण अट एकच: चालू असली पाहिजे. तेच तपासायला खात्याचे साहेब आले होते. आज तिनं काही ऐकलं तर ठीक, नाहीतर क्रेन होतीच.

"बाई, ही जागची हलत नाही," साहेब म्हणाले. "हिला चालू कसं म्हणायचं?"

"तिला कशाला हलायला हवंय? आभाळ हलतंय की!"

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं खांदे उडवले. ती टीव्हीच्या डिश बसवायचं दुकान चालवायची, आईच्या डोक्याची दुरुस्ती तिच्या हातात नव्हती.

गोष्ट अशी झाली होती. गेल्या वर्षी याच दिवसांत, भर दुपारी, बाई भाजी घेऊन फाटकावरून चालल्या होत्या. डिशच्या तोंडासमोर एक डबा टांगलेला असतो, लहरी टिपणारा. त्या डब्याची सावली सरकत सरकत डिशच्या बरोबर मध्यावर आलेली बाईंनी पाहिली आणि त्यांच्या हातातली पिशवी सुटली. टोमॅटो रस्ताभर! सावली मध्यावर, म्हणजे सूर्य ऐन समोर. म्हणजे डिश अडकली त्या जागेपुढून सूर्य वर्षातले हे थोडे दिवस आपल्या पायांनी जात होता. फिरवायची गरजच नाही. नुसतं वाट बघत बसायचं.

"पण आज सूर्य आहे कुठं?" साहेबांनी खिडकीबाहेर बोट केलं.

"ढग तुमच्या-माझ्या डोळ्यांना, साहेब. रेडिओ लहरींच्या ते खिजगणतीतही नाहीत. बसा, चहा घ्या."

लेकीनं दुकानातून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर जोडला, स्पीकरचं बटण दाबलं, आणि खोलीभर असा कडकडाट झाला की साहेबांच्या कपातला चहा त्यांच्या शर्टावर आला.

"हा सूर्य?"

"कसला सूर्य! ही आपली आळी आहे," बाई कडाडल्या. उंदरांनी कुरतडलेली केबल आळीतल्या प्रत्येक ठिणगीचा, प्रत्येक यंत्राचा खरखराट ओढून घेत होती. त्या गलक्यात सूर्य येऊन गेला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता.

पूर्वी यावर एक रिवाज होता. वेधशाळेवर पिवळं फडकं चढलं की आळीनं सगळी यंत्रं बंद करायची. मिक्सर, शिवणयंत्र, पिठाची चक्की, सगळं. आळीनं त्या फडक्याला शिव्यांची लाखोली वाहिली, पण ते पाळलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, लेकीचा पिवळा रेनकोट खुंटीवरून ओढला आणि जिना चढायला लागल्या.

"आई, तो नवा आहे!"

नवा रेनकोट काठीवर फडफडला. आणि काय सांगायचं! बेकरीवाल्यानं मान वर केली, त्याचा हात आपसूक बटणावर गेला. शिंपीणबाईंनी पाय थांबवला. चक्की घरघरत थांबली. इतक्या वर्षांनी! बाईंचे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता, कारण एक आवाज चालूच होता. कर्रर्र, कर्रर्र.

ठिणगीशेठ. भिंतीपलीकडचा वेल्डर. त्याचा आणि वेधशाळेचा छत्तीसचा आकडा जगजाहीर होता, आणि डिश कापायचं कामही नेमकं त्यालाच मिळालं होतं.

बाई धावतच त्याच्या दुकानात शिरल्या. "अहो, बंद करा ते! थोडाच वेळ!"

त्यानं डोळ्यांवरची काच वर केली. पांढऱ्या मिशा, कपाळावर काजळी. "का म्हणून? जन्मभर बंद केलं. तुम्ही फडकं लावलंत की आम्ही हात बांधून बसायचं, गिऱ्हाईक दारात शिव्या घालतंय. आणि तुम्ही आत बसून ऐकत काय होता हो? एकदा तरी सांगितलंत? एकदा तरी म्हणालात, या, ऐका?"

देशोदेशीच्या लोकांना बाईंनी हौसेनं ऐकवलं होतं. भिंतीपलीकडच्या या माणसाला एकदाही नाही. लाज वाटली त्यांना, चांगलीच वाटली.

"चला," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता चला. पळा!"

"पळा?"

"तो थांबायचा नाही कुणासाठी!"

ठिणगीशेठनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मेन स्विच खाली खेचला. मग दोन म्हातारी माणसं एकमेकांना ढकलत, धापा टाकत वेधशाळेच्या फाटकात शिरताना अख्ख्या आळीनं पाहिली.

खोलीत कडकडाट थांबला होता. स्पीकरमधून नुसती बारीक सूं ऐकू येत होती. साहेब घड्याळाकडे बघत होते. लेकीनं आईचा हात घट्ट धरला. काहीच होईना. हिशेब चुकला की काय? डिश वाऱ्यानं तसूभर सरकली असेल तर?

आणि सूं जराशी जाड झाली.

"आई..."

"शूऽऽ!"

आवाज फुगत गेला. तव्यावर पाणी पडावं तसा, पण न संपणारा. मीटरचा काटा उठला, चढला, चढतच गेला. बाहेर काळं आभाळ, आणि खोलीत सूर्य नुसता गर्जत होता! "आला! आला गं आला!" बाई लहान पोरीसारख्या उड्या मारायला लागल्या. साहेब कप हातात घेऊन तसेच उभे राहिले होते.

ठिणगीशेठ स्पीकरसमोर उकिडवा बसला. "हा... तो वरचा? आपला?"

"तोच."

"ढगांआडून?" त्यानं कान जवळ नेला. डोळे पुसले, काजळी गालभर झाली. "जरा मोठं करा की हो."

मग काटा उतरू लागला. आवाज ओसरला, पुन्हा नुसती सूं.

"गेला? अहो, परत लावा ना!"

"तो काय माझ्या हातात आहे? उद्या दुपारी येतो परत."

साहेबांनी घसा खाकरला. "चालू आहे असं कळवतो मी. क्रेन परत पाठवा." लेकीनं आनंदाच्या भरात साहेबांनाच मिठी मारली.

ठिणगीशेठचं काम गेलं होतं. तो मुकाट्यानं मनोऱ्याखाली गेला, जाम झालेलं गिअर नखानं खरवडत राहिला आणि घरी गेला. बाईंना रात्रभर ते लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या लगबगीनं जिना चढल्या. रेनकोट आधीच काठीवर होता. वेल्डिंगच्या दुकानाचं शटर खाली, आळी चिडीचूप. खोलीत ठिणगीशेठ, त्याची बायको आणि दोन सुना स्पीकरसमोर ओळीनं बसले होते, आणि कोपऱ्यात गिअर मोकळं करायची हत्यारं मांडून ठेवली होती.

"उशीर केलात, रेडिओबाई," तो म्हणाला. "लावा लवकर. येईल तो."